कोणता बॅकअप परत आणायचा? जॉब निवडण्याविषयी

या मालिकेतल्या मागच्या दोन व्याख्यानांमध्ये बॅकअप घ्यायचा कसा आणि ठेवायचा कुठे, हे आपण पाहिलं. आज उलट दिशेने यायचंय. घेतलेल्या बॅकअपमधून फाइली परत काढायच्या आहेत, आणि त्यातलाही एकच टप्पा आज घेऊ: कोणते जॉब निवडायचे. काम जेमतेम दोन मिनिटांचं. पण आमच्या पाहण्यात रिस्टोअर फसतं ते बहुधा याच दोन मिनिटांत, आणि फसलंय हे कळतं फार उशिरा, कारण पडद्यावर शेवटी ‘यशस्वी’ असंच येतं.

आधी ‘जॉब’ म्हणजे काय ते ठरवून घेऊ. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या यंत्रावरच्या, ठरलेल्या फाइली गोळा करून नेणारी एक फेरी म्हणजे एक जॉब. प्रत्येक फेरीला एक क्रमांक मिळतो, त्याला जॉबआयडी म्हणतात. फेरी अर्धवट पडली तरी क्रमांक खर्च होतो, हे लक्षात असू द्या.

उदाहरणाला आम्ही बाकुला हे सॉफ्टवेअर घेतलंय. केर्न सिबाल्ड यांनी २००० साली सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प. पुढे २०१० मध्ये त्याची एक शाखा वेगळी झाली, ती बॅरिओस. नावामागे ड्रॅक्युलाची थट्टा आहे: हा रात्री येतो आणि तुमच्या यंत्रांमधलं सत्त्व शोषून नेतो, असं त्याचे कर्तेच गमतीने सांगतात. बाकुलाच का? तर तो काहीही लपवत नाही. इतर सॉफ्टवेअरमध्ये सुंदर कॅलेंडर दिसतं, तुम्ही तारखेवर टिचकी मारता आणि मागे काय निवडलं गेलं ते कळत नाही. बाकुला काळ्या पडद्यावर सगळं लिहून दाखवतो. एकदा इथे समजलं की कॅलेंडरच्या मागे काय चाललंय तेही समजतं.

आता कल्पनेतली एक पतसंस्था घेऊ. एक सर्व्हर आहे, त्यावर रोजकीर्द, ठेवींच्या नोंदी, कर्जांच्या याद्या. बाकुलासोबत नमुना म्हणून जे वेळापत्रक येतं तेच इथे लावलंय: महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री २३:०५ ला फुल, म्हणजे सगळंच्या सगळं. बाकीच्या रविवारी डिफरन्शियल, म्हणजे शेवटच्या फुलनंतर जे जे बदललं ते. सोमवार ते शनिवार इन्क्रिमेंटल, म्हणजे शेवटच्या कोणत्याही यशस्वी बॅकअपनंतर जे बदललं तेवढंच. महिना जून २०२५ धरू. १ जूनला रविवारच होता, म्हणून हिशेब सोपा. त्या रात्रीच्या फुलचा क्रमांक ४०१ समजा. २ जूनचा ४०३, ३ जूनचा ४०५, असे क्रमांक एकआड एक जातात, कारण मधला क्रमांक बाकुला स्वतःच्या कॅटलॉगचा बॅकअप घेतो त्याला जातो. कॅटलॉगकडे पुढे येऊच.

गुरुवार, १९ जून, सकाळचे ११. वसुली विभागातल्या ताईंच्या लक्षात येतं की कर्ज थकबाकीच्या फाइलीतलं एक आख्खं पान गायब आहे. विचारपूस केल्यावर कळतं की मंगळवारी, १७ तारखेला, दुपारी चारनंतर कुणीतरी ते पान उडवून फाइल सेव्ह केली. बुधवारी त्या फाइलीला कुणी हातच लावला नाही. आता सांगा, कोणता जॉब निवडायचा?

बाकुलात रिस्टोअर अशी आज्ञा दिली की डझनभर पर्यायांची यादी येते. पाचवा पर्याय म्हणतो: या यंत्राचा सर्वांत ताजा बॅकअप. सगळ्यांचं बोट आधी तिकडेच जातं. आपल्या प्रसंगात त्याचं काय होईल? बाकुला बुधवारपर्यंतची साखळी लावेल. बुधवारच्या जॉबमध्ये ही फाइलच नाही, कारण ती त्या दिवशी बदलली नव्हती. मग तो मागे जाऊन मंगळवार रात्रीची प्रत उचलेल. ती कोणती? पान उडवल्यानंतरची. म्हणजे रिस्टोअर अगदी बिनचूक झालं आणि हाती आली तीच मोडकी फाइल. आणि मूळ जागीच ठेवायला सांगितलं असेल, तर गुरुवारी सकाळी ताईंनी त्यात केलेल्या नव्या नोंदीही तिच्याखाली गेल्या.

दुसरा घोळ तिसऱ्या पर्यायात होतो. तिथे जॉबआयडी आपण स्वतः टाइप करायचे असतात. थोडं माहिती असलेला माणूस म्हणतो, ‘सोमवार रात्रीचा बॅकअप चांगला आहे ना? मग त्याचाच क्रमांक घालू.’ सोमवार १६ तारखेचा क्रमांक ४३१. तो एकटा घातला की मिळतं काय, तर रविवार रात्र ते सोमवार रात्र या एका दिवसात बदललेल्या फाइली. थकबाकीची फाइल सोमवारी बदलली असेल तर ती सापडेल. नसेल तर सापडणार नाही. मग संचालकांना फोन जातो: ‘साहेब, बॅकअपमध्ये फाइलच नाहीये.’ फाइल बॅकअपमध्ये आहे. साखळीच्या दुसऱ्या कडीत आहे, आणि आपण एकच कडी हातात धरलीय.

आजचं मुख्य सांगणं हेच आहे. रिस्टोअर करताना आपण जॉब निवडत नसतो, वेळ निवडत असतो. ‘मंगळवारी दुपारी चारला हा सर्व्हर जसा होता तसा मला हवाय,’ असं सांगायचं असतं. त्या वेळेसाठी कोणत्या कड्या लागतात हे काढणं सॉफ्टवेअरचं काम. त्यासाठी सहावा पर्याय आहे: दिलेल्या वेळेआधीचा बॅकअप. तिथे २०२५-०६-१७ १६:००:०० अशी वेळ द्यायची, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. बाकुला तीन जॉब काढतो: १ जूनचं फुल ४०१, १५ जूनचं डिफरन्शियल ४२९, १६ जूनचं इन्क्रिमेंटल ४३१. ८ जूनचं डिफरन्शियल लागत नाही, कारण १५ जूनच्या डिफरन्शियलमध्ये ते सामावलेलं असतं. २ ते १४ तारखांची इन्क्रिमेंटलंही त्याच कारणाने लागत नाहीत.

मग तो एक तक्ता छापतो. क्रमांक, पातळी, किती फाइली, किती बाइट, कधी सुरू झाला, कोणत्या व्हॉल्यूमवर आहे. त्याखाली फाइलींचं झाड उभं राहतं आणि माणसं घाईघाईने त्या झाडात शिरतात. आमची विनंती अशी की तक्त्यापाशी अर्धा मिनिट थांबा. आपण दिलेल्या आज्ञेचा सॉफ्टवेअरने काय अर्थ लावला, ते फक्त इथेच दिसतं.

काय वाचायचं त्यात? पहिली गोष्ट, वर फुल आहे का. दुसरी, कड्यांची संख्या आपल्या अपेक्षेएवढी आहे का. समजा तीनऐवजी नऊ जॉब दिसले: ४०१, ४१५, मग ४१७ ते ४२७ मधले सहा, आणि ४३१. घाबरायचं कारण नाही, पण याचा अर्थ कळला पाहिजे. १५ जूनचं डिफरन्शियल फसलं होतं. कदाचित डिस्क भरली असेल. बाकुला फसलेला जॉब साखळीत घेत नाही. म्हणून तो ८ तारखेच्या डिफरन्शियलपर्यंत मागे गेला, तिथून ९ ते १४ ची सहा इन्क्रिमेंटलं घेतली आणि १६ तारखेचं जोडलं. १६ तारखेच्या जॉबनेही १४ तारखेपासूनचे बदल उचलले होते, कारण तो शेवटच्या यशस्वी बॅकअपपासून मोजतो. साखळी अखंड आहे, लांब झालीय इतकंच. पण त्या रविवारी काय झालं होतं हे कुणालाच माहीत नसेल, तर त्याची चौकशी त्याच दिवशी करा. बाकुलात फसलेलं डिफरन्शियल आपोआप पुन्हा होत नाही. तशी सोय आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते.

तिसरी गोष्ट फाइलींच्या संख्येची, आणि ही आम्हाला सगळ्यांत मोलाची वाटते. समजा रोजच्या इन्क्रिमेंटलमध्ये दोन-तीनशे फाइली असतात आणि एका रात्री अचानक चाळीस हजार दिसल्या. पतसंस्थेत एका दिवसात चाळीस हजार फाइली कोण बदलतं? एक तर कुणीतरी मोठी उलथापालथ केलीय, नाहीतर खंडणीखोर व्हायरसने फाइली कुलूपबंद करायला सुरुवात केलीय. व्हायरसचा संदेश पडद्यावर कधी आला यावरून वेळ ठरवायची नसते, कारण तो बराच आधी आत शिरलेला असू शकतो. पहिला विचित्र आकडा ज्या रात्रीचा, त्याच्या आदल्या रात्रीपाशी जायचं.

इथे एक बारकावा सांगतो. ‘या वेळेआधीचा’ म्हणताना बाकुला जॉब सुरू होण्याची वेळ पाहतो, संपण्याची नाही. जॉब २३:०५ ला सुरू झाला आणि रात्री पावणेदोनला संपला. व्हायरस २३:५० ला कामाला लागला. तुम्ही २३:५० वेळ दिलीत तर हा जॉब ‘आधीचा’ ठरतो आणि साखळीत येतो. पण त्याने २३:५० नंतर वाचलेल्या फाइली कुलूपबंद असू शकतात! म्हणून अशा वेळी २३:०० द्या आणि आदल्या रात्रीची साखळी घ्या. दोन्ही साखळ्या दोन वेगळ्या फोल्डरांमध्ये उतरवून ताडून पाहता आल्या तर फारच चांगलं. आणि हो, बाकुलाचा मुख्य भाग भाड्याच्या सर्व्हरवर असेल तर त्याचं घड्याळ भारतीय वेळेचं असेलच असं नाही. तिथे साडेपाच तासांचा फरक पडला तर दुपारचे चार म्हणजे त्याचे साडेदहा. मंगळवार दुपार हवी असताना मंगळवार रात्र हाती यायला एवढा फरक पुरतो.

आता दुसऱ्या पर्यायाविषयी थोडं. तो फाइलीचं नाव विचारतो आणि ती कोणकोणत्या जॉबमध्ये आहे ते सांगतो. एकच फाइल हवी असेल आणि तिच्या सगळ्या प्रती पाहायच्या असतील तर उत्तम सोय. पण नाव तंतोतंत लागतं, आणि मराठी नावांचा इथे एक मजेशीर त्रास आहे. ‘दुसऱ्या तिमाहीची यादी’ असं नाव घ्या. त्यातला ‘ऱ्या’ संगणकात दोन प्रकारे साठवला जातो, तुमचा कीबोर्ड कोणता यावर ते ठरतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला ती दोन वेगळी नावं. तुम्ही टाइप करता, उत्तर येतं की अशी फाइल नाही. अशा वेळी टाइप करायच्या भानगडीत न पडता सहाव्या पर्यायाने झाड उभं करा, फोल्डरात जा, आणि तारांकन वापरून खूण करा. तारांकन नावाची चिकित्सा करत नाही.

निवड बरोबर असूनही फसगत कशी होते, याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरच्या डेटाबेसचा फोल्डर उडवला. चूक लक्षात येऊन त्याने थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीमधले साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप निवडायची वेळ आली. रोज होणारा डेटाबेसचा डंप पाहायला गेले तर ती जागा रिकामी. डंप घेणारं साधन जुन्या आवृत्तीचं, डेटाबेस नव्या आवृत्तीचा, म्हणून ते प्रत्येक वेळी फसत होतं. फसल्याची ईमेल जायची, पण ती ईमेलच पलीकडे नाकारली जात होती. शेवटी उपयोगी पडली ती सहा तास आधी कुणीतरी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेली डिस्कची प्रत. मधल्या सहा-साडेसहा तासांचा डेटा गेला, आणि संकेतस्थळ पुन्हा उभं करायला साधारण १८ तास लागले. हा सगळा वृत्तांत कंपनीने स्वतःच जाहीर केला, त्याबद्दल आम्हाला त्यांचं कौतुक वाटतं.

आपल्या पतसंस्थेत हाच सापळा वेगळ्या रूपात असतो. रात्री साडेदहाला डेटाबेसचा डंप एका फाइलीत उतरतो आणि २३:०५ ला बाकुला ती फाइल उचलतो. डंप फसला आणि जुनी फाइल तशीच राहिली, तर बाकुलाच्या दृष्टीने काहीच बदललेलं नाही. जॉब यशस्वी. चार दिवसांनी तुम्ही सहाव्या पर्यायाने बरोबर वेळ देता, साखळी बरोबर लागते, आणि हाती येतो चार दिवसांपूर्वीचा डंप. कुणी खोटं बोललेलं नाही. म्हणून डेटाबेस परत आणताना जॉबच्या तारखेवर विसंबू नका. झाडात शिरून डंप फाइलीची स्वतःची तारीख आणि आकार पाहा, मगच खूण करा.

आणखी एक गोष्ट लोकांना चक्रावून टाकते, ती म्हणजे मेलेल्या फाइली जिवंत होणं. ५ जूनला तुम्ही जुन्या सभासदांची यादी मुद्दाम काढून टाकली. १ जूनच्या फुलमध्ये ती आहे. नंतरच्या जॉबमध्ये ‘ही काढून टाकली’ अशी नोंद साधारणपणे होत नाही. सगळा सर्व्हर परत उभा केलात की ती यादी परत येते. उलटही घडतं. आख्खा फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवला तर आतल्या फाइलींच्या तारखा बदलत नाहीत, म्हणून इन्क्रिमेंटल त्यांना ओळखत नाही, आणि नव्या जागी त्या परत येत नाहीत. यावर बाकुलात ॲक्युरेट नावाची सेटिंग आहे. ती चालू असेल तर प्रत्येक वेळी पूर्ण यादी ताडली जाते, काढलेलं आणि हलवलेलं दोन्ही कळतं. जॉबला थोडा जास्त वेळ आणि मेमरी लागते. पतसंस्थेसारख्या ठिकाणी ती चालू असावी असं आमचं स्पष्ट मत आहे. पण ती मागच्या जॉबना लागू होत नाही, आज चालू केलीत तर आजपासून.

आता कॅटलॉग. कोणती फाइल कोणत्या जॉबमध्ये आणि कोणत्या व्हॉल्यूमवर आहे, याची ही खतावणी. झाड उभं राहतं ते याच्या जिवावर. पण खतावणी फुगते, म्हणून बाकुला जुन्या नोंदी छाटतो. तुम्ही काही ठरवलं नसेल तर फाइलींच्या नोंदी ६० दिवस, जॉबच्या १८० दिवस, आणि व्हॉल्यूम ३६५ दिवस सांभाळला जातो. या तीन आकड्यांमधलं अंतर पाहा. ऑक्टोबरमध्ये लेखापरीक्षक म्हणाले, ‘जूनमधली थकबाकीची फाइल दाखवा.’ व्हॉल्यूम जागेवर आहे, जॉबची नोंदही आहे, पण फाइलींची नोंद छाटली गेलीय. बाकुला सांगतो की झाड उभं करता येत नाही, सगळ्याच फाइली परत आणू का? हे ऐकून बॅकअप गेला असं समजू नका. मोकळी डिस्क असेल तर खुशाल सगळं उतरवून घ्या आणि हवी ती फाइल शोधा. नाहीतर बीस्कॅन हे साधन व्हॉल्यूम वाचून खतावणी पुन्हा लिहून काढतं. वेळ लागतो, पण होतं.

निवड झाली, खुणा झाल्या, की शेवटी तो विचारतो: चालवू, बदलू, की नको? इथे ‘बदलू’ म्हणा आणि फाइली कुठे ठेवायच्या ते पाहा. मूळ जागी कधीच नको, वेगळा फोल्डर द्या. नमुन्याच्या सेटिंगमध्ये तात्पुरत्या फाइलींच्या जागेतला एक फोल्डर दिलेला असतो. एका फाइलीसाठी ठीक, पण सगळा सर्व्हर तिथे उतरवाल तर जागा भरून जाईल.

प्रश्न आलेत काही. एकांनी विचारलंय की साखळीतलं एखादं व्हॉल्यूम हाताशी नसेल तर? चालवण्याआधी बाकुला लागणाऱ्या व्हॉल्यूमची यादी देतो, ती याच कामाची आहे. आपल्या उदाहरणात १ जूनच्या फुलची डिस्क सुरक्षेसाठी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलीय असं समजा. गरज पडली शुक्रवारी, १३ जूनच्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी महिन्यातला दुसरा शनिवार, बँक बंद. मग रविवार. बाकीच्या कड्या कार्यालयात असूनही पूर्ण सर्व्हर सोमवारपर्यंत उभा राहणार नाही. एकट्या फाइलीचं मात्र जमू शकतं. ती अलीकडे बदललेली असेल तर तिची प्रत नंतरच्या कडीत असते, आणि त्या वेळी यादीत लॉकरमधल्या डिस्कचं नावच येत नाही. म्हणून शनिवारी हात टेकण्याआधी नेमक्या हव्या त्या फाइलींवरच खूण करून यादी काय म्हणते ते बघा.